येळवस एकोणीसला, निकाल एकवीसला

ताईंना नमस्कार,

यंदा पाऊस दिवाळी झाली तरी हटला नाही, त्यामुळे थंडीचीही वाट बघावी लागली. आता पहाटे चांगलं गारठतंय. चुलीपुढं शेकत बसायचे हे दिवस, पण आमच्या घरात चुलीपुढंही कुणी कुणाशी बोलत नाही.

आम्ही लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहतो. आमचे हे खत-बियाण्याच्या दुकानात मुनीम आहेत. धाकटे भावजी गुत्तेदारी, म्हणजे ठेकेदारी, करतात. घरं वेगळी, पण भिंतीला भिंत लागून. शेत नऊ एकर, अजून सामाईक. दोघांचे पक्ष पहिल्यापासून वेगळे. आता तर दोन्ही पक्ष सरकारात आहेत. भांडण कधी ताटापर्यंत आलं नव्हतं. यंदा नगरपरिषदेच्या निवडणुकीत आमच्या प्रभागातली एक जागा महिलांसाठी सुटली आणि भावजींच्या पक्षाने माझ्या जावेला उभं केलं. यांच्या पक्षाने पलीकडच्या गल्लीतली बाई दिली. झालं. हे रोज संध्याकाळी भावजयीच्या विरोधात प्रचाराला. भावजींनी स्टेटसला यांच्यावर काहीतरी टाकलं, यांनी उलट टाकलं, मग हे घरच्या ग्रुपमधून बाहेर पडले.

२ डिसेंबर २०२५ला मतदान झालं. तीन मतं द्यायची होती, एक नगराध्यक्षाला आणि दोन प्रभागातल्या जागांना. नगराध्यक्षाला मी यांच्याच माणसाला दिलं, माणूस बरा आहे. प्रभागात मात्र एक मत जावेला दिलं. आमच्या गल्लीत आठ-आठ दिवस नळाला पाणी येत नाही आणि त्यासाठी बायका गोळा करून नगरपरिषदेत जाऊन बसलेली ती एकटीच. मतदानाला गेले तेव्हा ती शंभर मीटरच्या रेषेबाहेर शाल पांघरून हात जोडून उभी होती. हे माझ्यासोबत होते. मी खाली बघून पुढे गेले. ते मला अजून टोचतंय.

आता हे रोज विचारतात, "तिन्ही आपल्यालाच दिलीस ना?" मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. हात उगारणारा माणूस नाही, पण पाच दिवस झाले, माझ्याशीही अबोला.

१९ तारखेला येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, रानात पूजा करून सगळ्यांनी मिळून जेवायचा सण. आमच्या रानात दरवर्षी चाळीसेक माणूस जेवतं. हे म्हणतात, ते येणार असतील तर मी येणार नाही. भावजी म्हणतात, दादा माफी मागत असेल तर येतो. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ७८ वर्षांच्या, रात्री रडतात. पुण्याचा मुलगा म्हणतो, आई, रद्द कर सगळं आणि इकडे निघून ये. सप्टेंबरच्या पुरात ओढ्याकडची दोन एकर माती खरडून गेली, त्याचे पैसे यायचेत. तलाठी म्हणतो खातं सामाईक आहे, संमतीपत्र आणा, ते राहिलंय. माझं लाडकी बहीणचं केवायसीही राहिलंय, कारण ओटीपी यांच्या फोनवर येतो.

यांना खरं सांगून टाकू का? निदान जावेला तरी सांगू, म्हणजे तिला बरं वाटेल? आणि येळवस करायची की नाही?

– थोरली जाऊ

(पत्र थोडं कापलं आहे. नाव-गाव पत्रलेखिकेच्या सांगण्यावरून गाळलं आहे.)

थोरल्या जाऊबाई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. मताबद्दल तुम्ही इतकं पोटतिडकीनं लिहिलंत आणि संमतीपत्राचं एका ओळीत उरकलंत. मला ते उलटं हवं होतं, म्हणून मी शेवटून सुरू करते.

सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. मांजरा, तेरणा, सगळ्या नद्या एकदम फुगल्या, सोयाबीन उभ्याने कुजलं. ज्यांचं वाचलं त्यांच्या मालात ओल, आणि क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभाव कागदावर असताना बाजारात व्यापारी त्याच्या कितीतरी खाली बोली लावतो. ७ ऑक्टोबरला सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख, आणि जमीन पुन्हा उभी करायला मनरेगातून हेक्टरी ३ लाखांपर्यंत, असं सांगितलं. ते पुरेसं आहे का, यावर तुमचे दोन्ही पुरुष रात्रभर वाद घालू शकतील. मला त्यात पडायचं नाही. तुमची दोन एकर म्हणजे हेक्टराच्या आतच, तरी रोखीचे ३५-४० हजार होतात. मुनिमाच्या घरात एवढे पैसे म्हणजे काय, ते तुम्ही जाणता. आणि ते अडलेत कशावर, तर दोन भावांच्या सह्यांवर.

बघा कसं आहे. ज्या मंत्रिमंडळाने ते पॅकेज मंजूर केलं त्यात तुमच्या यांचे साहेबही आहेत आणि भावजींचेही. ते मुंबईत एका टेबलाला बसून चहा पितात. इकडे भिंतीला भिंत लागून राहणारे सख्खे भाऊ त्यांच्या नावाने एका कागदावर सही करायला तयार नाहीत. रागावून लिहीत नाही, मला खरोखर हसू आलं. मग हसण्यासारखं ते काही नाही हेही लक्षात आलं.

कागद तुम्ही नेऊ नका, यांना तर पाठवूच नका. आत्याबाईंना पाठवा. सासरे गेल्यानंतर वारसाची नोंद झाली असेल तर सातबाऱ्यावर त्यांचंही नाव असणार, नणंदांचंही असू शकतं. म्हणजे सही त्यांचीही लागेल. तलाठ्याकडून नमुना आणा, आधी आत्याबाईंचा अंगठा किंवा सही घ्या आणि तो कागद त्यांच्याच हातात देऊन आधी धाकट्याच्या घरी पाठवा, मग थोरल्याच्या. आईने पुढे केलेल्या कागदावर नाही म्हणायला फार दगडाचं काळीज लागतं, आणि तुमच्या घरात तसं कुणी दिसत नाही. रात्री रडणाऱ्या माणसाला दिवसा काम दिलेलं बरं असतं. हे येळवसीच्या आधी करा. येळवस होवो न होवो, हे झालंच पाहिजे.

आता निवडणुकीचं. तुम्ही लिहिलंय की भांडण कधी ताटापर्यंत आलं नव्हतं. यंदाच का आलं, याचा मी बराच विचार केला. आमदारकी-खासदारकीला उमेदवार लांबचा असतो. लाखो मतदारांत तुम्ही एक. त्याला शिव्या दिल्या काय आणि ओवाळलं काय, तो तुमच्या अंगणात येत नाही. नगरपरिषदेचा प्रभाग म्हणजे दोन-चार गल्ल्या. त्यातले निम्मे लोक एकमेकांच्या लग्नात पंगतीला वाढलेले. सगळ्यात लहान निवडणूकच सगळ्यात खोलवर घरात शिरते. त्यात या निवडणुका तीन-चार वर्षं झाल्याच नव्हत्या. मुदती संपल्या, प्रशासक बसले, आरक्षणाचा खटला लांबत गेला. शेवटी ६ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तेव्हा कुठे गाडी हलली. इतके दिवस नगरसेवक नाही, गटार तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं ते माहीत नाही, आणि इच्छुक मात्र वाढत गेलेले. हे सगळं साठलेलं एका नोव्हेंबरात बाहेर आलं. वर महाराष्ट्रात पक्षांचीच अशी फाटाफूट झाली आहे, २०२२ला शिवसेना, २०२३ला राष्ट्रवादी, की कोण कुणाचा हे गावागावाला वेगळं. एका गावात जे गळ्यात गळे घालतात ते शेजारच्या तालुक्यात एकमेकांविरुद्ध उभे. नेत्यांना हे परवडतं, त्यांना सवय आहे. कार्यकर्त्याला परवडत नाही, कारण तो मनापासून भांडतो. तुमचे हे असे मनापासूनचे कार्यकर्ते वाटतात. अशा माणसाबद्दल मला आदरही आहे आणि काळजीही.

म्हणून ते रोज तुम्हाला का विचारतात, त्याकडे जरा त्यांच्या बाजूने बघा. त्यांना एकवीस तारखेची भीती आहे. मोजणीत केंद्राकेंद्राचे आकडे बाहेर पडतात. तुमच्या गल्लीच्या केंद्रावर त्यांचं पॅनल मागे पडलं, तर चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणणार, "अहो, यांच्या घरातलीच मतं फिरली." ते वाक्य ते आत्तापासून ऐकतायत. तुम्ही "हो, तिन्ही दिली" म्हणालात तर तेवढी एक रात्र त्यांना झोप लागेल.

पण म्हणू नका.

खोटं बोलू नका असं सांगायला मी बसले नाही. संसारात बारीकसारीक खोटं आपण सगळ्याच बोलतो, साडीची किंमत कुठल्या बाईने खरी सांगितली आहे? पण हे खोटं तुम्हाला वर्षानुवर्षं सांभाळावं लागेल, दर निवडणुकीला पुन्हा सांगावं लागेल. आणि खरंही सांगू नका. त्यांची भीती वाटते म्हणून लपवू नका. ते तुमचं आहे म्हणून ठेवा. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक साधी तरतूद आहे, की कुणालाही साक्षीदार म्हणूनसुद्धा 'तू मत कुणाला दिलंस' हे सांगायला भाग पाडता येणार नाही. तो कायदा विधानसभा-लोकसभेचा, पण गुप्त मतदानाचं तत्त्व तुमच्या नगरपरिषदेलाही तेच. भर कोर्टात न्यायाधीशाला जे विचारता येत नाही ते जेवणाच्या ताटावर नवऱ्याने तरी का विचारावं? केंद्राचा आकडा कळतो, बटणावरचं बोट कुणाचं होतं ते यंत्रालाही कळत नाही.

त्यांना एकदाच सांगा, चांगल्या वेळी, पोटात अन्न गेल्यावर, "अहो, मत मी माझ्या मनाने दिलं. कुणाला दिलं ते मी तुम्हालाही सांगणार नाही आणि दुसऱ्या कुणालाही सांगणार नाही. तुमच्या माणसांबद्दल मी गल्लीत कधी वाईट बोलले नाही आणि बोलणार नाही." यातलं शेवटचं वाक्य त्यांच्यासाठी सगळ्यात मोलाचं आहे, ते खाऊ नका. त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारलं तर भाजी वाढा. आणखी चार-पाच दिवस अबोला राहील. राहू द्या. पण हा अबोला महिना-महिना चालला, घरखर्चाचे पैसे अडायला लागले, माहेरी जाण्यावर बंधनं आली, तर मला परत लिहा. ती गोष्ट वेगळी आणि तिला उत्तरही वेगळं.

तुम्ही मत कसं दिलंत त्याबद्दल एक बोलते, विचारलं नाहीत तरी. नगराध्यक्ष एका बाजूचा, कारण माणूस बरा; सदस्य दुसऱ्या बाजूची, कारण ती पाण्यासाठी उठते. पॅनलवाल्यांना अशी मतदार बाई अजिबात आवडत नाही. मला फार आवडली.

आणि जावेला सांगू का, असं विचारलंत. तुम्हाला वाटत असेल मी हो म्हणेन. नाही. तिलाही नको.

कारण सांगते. आज तुम्ही तिला सांगितलंत की ते दोघींचं गुपित झालं. गुपित दोघींचं झालं की त्याला पाय फुटतात. ती भावजींना सांगेल, मुद्दाम नाही, आनंदात सांगेल. भावजी दारूत किंवा रागात, किंवा निवडून आल्याच्या गुलालात, दादाला ऐकवतील, "तुझ्या बायकोचंसुद्धा मत आम्हाला!" आणि ती पडली तर तुमचं सांगणं तिला मलमपट्टीसारखं वाटेल, खरंसुद्धा वाटणार नाही. निकालाआधी सांगाल तर उपकार, नंतर सांगाल तर सांत्वन. दोन्ही तुमच्या मताला शोभत नाहीत.

तिला द्यायचं असेल तर दुसरं काही द्या. शंभर मीटरच्या रेषेवर तुम्ही खाली बघून गेलात, ते टोचतंय म्हणालात. मग आज संध्याकाळी तिच्या ओट्यावर जाऊन बसा. निवडणुकीचं काही बोलू नका. विचारा, "पाण्याचं काय करायचं आता?" पुढच्या वेळी ती नगरपरिषदेत जाईल, निवडून आलेली असो की पडलेली, तेव्हा तिच्या सोबत जा. सगळ्यांच्या देखत. यांच्याही देखत. पाणी तुमच्याही घागरीत येत नाही, त्यामुळे त्यांना हरकत घ्यायला जागा नाही. लातूरला २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्या जिल्ह्यातल्या माणसाला पाण्याचा पक्ष विचारायची कुणाची छाती होणार नाही.

मला एक कुतूहल आहे, जमलं तर कळवा. जावेच्या पत्रकावर तिचा फोटो केवढा होता आणि भावजींचा केवढा? १९९०ला आपल्याकडे स्थानिक संस्थांत बायकांसाठी ३० टक्के जागा आल्या, २०११ला निम्म्या झाल्या, आणि अजूनही अर्ध्या पत्रकांवर नवऱ्याचा हात जोडलेला फोटो उमेदवारापेक्षा मोठा दिसतो. तुमची जाऊ स्वतःच्या पायाने नगरपरिषदेची पायरी चढलेली आहे. अशा बाईला घरातून एक जरी माणूस मोकळेपणाने बोलणारं असेल, तर पाच वर्षं ती सही करणारी बाहुली होणार नाही.

आता येळवस. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण हे माझ्या अंगावरून गेलेलं आहे.

माझं माहेर तुमच्याच भागातलं. मी दहा-अकरा वर्षांची असेन, बहात्तरच्या दुष्काळाच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. बाबा एका पॅनलमध्ये, काका दुसऱ्यात. गंमत अशी की दोघेही पडले. आणि दोघांनीही मनात धरलं की आपण पडलो ते भावामुळे. त्या वर्षी येळवसीला काकांनी रानाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःची वेगळी खोप, कडब्याची झोपडी, घातली. आमच्या खोपीत पाच पांडवांचे दगड वाडवडिलांपासूनचे, ते काही वाटून घेता येईनात. काकांनी ओढ्यातून नवे पाच दगड उचलून आणले, चुना लावला आणि मांडले. गावात हसू झालं, यांच्या रानात पांडव दहा. आम्हा पोरांचं फावलं. इकडे भज्जी-उंडे खायचे, पळत जायचं, तिकडे आंबील प्यायची. आजी कुठल्याच खोपीत बसेना. ती मधल्या बांधावर घोंगडी टाकून बसली आणि दोन्ही सुनांनी तिला दोन्हीकडून ताट नेलं. तिने दोन्ही ताटांतलं अर्धं अर्धं खाल्लं. हे असं दोन वर्षं चाललं.

मग दुष्काळ पडला. त्या वर्षी रानात हिरवं म्हणून काही नव्हतं. भज्जीला हरभऱ्याची पानं नाहीत, तुरीच्या शेंगा नाहीत, वाटाणा नाही. बाबा आणि काका एकाच कामावर खडी फोडायला, हजेरीपटावर नावं खाली-वर. तरी आईने येळवस केली. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची आंबील केली. तिची चव मी तुम्हाला सांगणार नाही. खोप घालायला कडबा लागतो, आणि घरात होता तो चार पेंढ्या कडबा बैलांच्या तोंडचा. एक खोप कशीबशी झाली, दुसरी होणंच शक्य नव्हतं. काका आले ते हातातल्या टोपलीत आपले पाच दगड घेऊन. खोपीच्या तोंडाशी उभे राहिले, म्हणाले, "हे कुठं ठेवू?" आजी म्हणाली, "ठेव त्यांच्याच शेजारी, काय भांडणार हायत का ते?" त्या एवढ्याशा खोपीत त्या वर्षी दहा पांडव बसले. माफी कुणी मागितली नाही. विषयच निघाला नाही.

तेव्हा भावजींची ती माफीची अट आधी काढून टाका. तिला उत्तरच देऊ नका. आणि यांच्या "मी येणार नाही"लाही उत्तर देऊ नका. दोघांना येता का म्हणून विचारूच नये. विचारलं की उत्तर द्यावं लागतं, आणि दिलेल्या उत्तराला पुरुष माणूस चिकटून बसतो. दोघांना काम सांगावं. यांना सांगा, खोप तुम्हीच घालता दरवर्षी, गुरुवारी दुपारी कडबा टाकून ठेवा. भावजींना आत्याबाईंकडून निरोप द्या, चाळीस माणसांची ने-आण करायची आहे, तुझा टेम्पो लागेल. गुत्तेदाराकडे टेम्पो नसेल असं मी धरत नाही. येणाऱ्याला येण्यासाठी सबब लागते, आणि कामासारखी सबब नाही.

तारीख मात्र तुमच्या बाजूने आहे, याकडे तुमचं लक्ष गेलं का? मोजणी ३ डिसेंबरलाच व्हायची होती. काही ठिकाणचं मतदान कोर्टातल्या अपिलांमुळे २० तारखेवर गेलं, आणि मतदान चालू असतानाच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा आदेश आला, की सगळ्यांची मोजणी एकदमच २१ला. सगळे चिडले. उमेदवारांच्या तोंडचं पाणी पळालं, मशिनं ठेवलेल्या खोल्यांबाहेर कार्यकर्ते रात्रीच्या थंडीत शेकोटी पेटवून पहारा करतायत. पण तुमच्या घराला हे अठरा दिवस फुकटात मिळालेत. १९ला शुक्रवारी तुमच्या रानात बसलेल्या चाळीस माणसांत अजून कुणी जिंकलेलं नसेल आणि कुणी पडलेलं नसेल. दोघांनाही बरोबरीने भीती वाटत असेल. दोन दिवसांनी हे राहणार नाही. एकाच्या कपाळाला गुलाल असेल, दुसऱ्याच्या घराचं दार बंद. मग एकत्र आणायला तुम्हाला आणखी एका दुष्काळाची वाट बघावी लागेल.

दोघांना शेजारी बसवायचं नाटक करू नका. पंगती दोन होतातच, एकाला पहिल्या पंगतीत घ्या, दुसऱ्याला वाढायला उभं करा, वाढणाऱ्याला "अजून घे" म्हणावंच लागतं. राजकारण बोलू नका असंही कुणाला सांगू नका. चाळीस मराठवाडी माणसं रानात बसणार आणि राजकारण बोलणार नाहीत, हे होणे नाही. कर्जमाफीचं बोलू द्या, सरकारने ३० जून २०२६ची तारीख दिली आहे त्यावर पोटभर भांडू द्या. त्या बाबतीत तुमचे दोन्ही भाऊ एका बाजूला सापडतील असा माझा अंदाज आहे. फक्त निकालावर पैजा लावू देऊ नका. शंभर-पाचशेची पैज लागली की एकवीसला ती वसूल करायला कुणीतरी दारात येतं.

आणि समजा, सगळं करून दोघांतला एक आलाच नाही. तर चारचौघांत त्याची चर्चा नको, "बघा, नाही आला" हे वाक्य कुणाच्याही तोंडून नको. डबा भरा. भज्जी, उंडे, खीर, आंबिलीचा तांब्या. दिवस मावळताना कडब्याची पेंढी पेटवून रानातून फिरवतात, ती झाली की घरी परतताना पोराच्या हातून तो डबा द्या. दुसऱ्या घरचा असेल तर तुमच्या पोरांपैकी, तुमच्या घरचा असेल तर जावेच्या पोरांपैकी.

पुण्याच्या चिरंजीवांना सांगा, रद्द करण्यापेक्षा गाडी काढून गुरुवारी रात्री इकडे ये. त्या दिवशी जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते, पण हिंजवडीला नसते, तेव्हा रजा टाकावी लागेल. टाक म्हणावं. लांबून सल्ला द्यायचं काम मी करतेच आहे, त्यात त्याने भर घालू नये.

आंबिलीचं पीठ गुरुवारी ताकात घातलंत तर शुक्रवारी बेताची आंबेल, थंडी जास्त असेल तर बिंदगं चुलीच्या उबेला ठेवा. यंदाच्या पावसाने आंबट चुका कुठे मिळतो की नाही कुणास ठाऊक. नाहीच मिळाला तर भज्जीत चिंच चालते, आमच्या आजीला चालत नसे.

राहिलं केवायसी. मुदत ३१ डिसेंबर २०२५पर्यंत आहे, पण शेवटच्या आठवड्यात साइट चालेल या भरवशावर राहू नका. अबोला आहे म्हणून ओटीपी मागता येत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. मागू नकाच. ते आंघोळीला गेले की फोन उचला आणि करून टाका, नंतर सांगा, "तुमच्या फोनवरून केवायसी केलं." ओटीपी दहा मिनिटंच चालतो, आणि थंडीत गरम पाण्याची बादली असली की पुरुषाला आंघोळीला तेवढा वेळ लागतोच.